डॉक्सिजनने चारशे पानं काढली पण फंक्शनच गायब, कुठे चुकतंय?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सी मधली एक लायब्ररी आहे, साठेक सोर्स फाईली, सेन्सर बोर्डाशी बोलते, आणि तिच्यावर पायथनचा एक पातळ रॅपर (ती पायथनमधून बोलावता यावी म्हणून) आहे. इतके दिवस आम्ही चार जणच वापरत होतो, कुणाचं काही अडलं की खुर्ची वळवून विचारायचं, एवढंच आमचं डॉक्युमेंटेशन. आता दुसरी टीम ती वापरणार आहे आणि त्यांना ब्राउझरमध्ये उघडून शोधता येईल असं काहीतरी हवंय. आमचे मॅनेजर म्हणाले, कमेंट लिहिलेल्याच आहेत ना, मग टूल चालव आणि दोन दिवसात देऊन टाक.

म्हणून डॉक्सिजन (कोडमधल्या कमेंटवरून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल) घेतलं, मायनस जी देऊन डॉक्सीफाईल (त्याच्या सेटिंगची फाईल) बनवली, इनपुटमध्ये सोर्सचा फोल्डर टाकला आणि चालवलं. एरर काहीच नाही. एचटीएमएलचा फोल्डर तयार झाला, न मागता लाटेकचा (छपाईसाठीचा फॉरमॅट) पण झाला. उघडून बघतो तर स्ट्रक्ट दिसतायत, त्यांच्यावर लिहिलेलं पण दिसतंय, पण फंक्शन एकही नाही! ज्या फंक्शनवर मी स्वतः बसून दहा ओळी लिहिल्यात ते पण नाही. आणि आतल्या सबफोल्डरमधल्या फाईली तर कुठेच नाहीत.

मग कुठेतरी वाचलं की एक्स्ट्रॅक्ट ऑल यस करा, ते केलं, सबफोल्डरसाठी रिकर्सिव्ह यस केलं, तर आता सगळंच दिसतंय, म्हणजे चारशेच्या वर पानं झालीत आणि त्यातल्या बहुतेकांवर फक्त फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर, बाकी कोरं. हे दुसऱ्या टीमला दिलं तर ते हसतील.

तर आधी ते गायब का होतं ते कळत नाहीये, आणि दुसरं म्हणजे आता प्रत्येक फंक्शनवर कमेंट लिहित बसायचं का? रीड बफर नावाच्या फंक्शनवर "बफर वाचतं" असं लिहून कुणाचं भलं होणार आहे? पायथनच्या रॅपरचं काय करायचं ते तर अजून बघितलंच नाही.

(मोबाईलवरून लिहितोय, कमांडची आणि पर्यायांची नावं उच्चारतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, समजून घ्या.)

जुना_सी_वाला

यात प्रत्येक सी वाला एकदा तरी पडलेला आहे त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस.

फाईलच्या अगदी वर हे टाक:

/**
 * @फाईल
 * @ब्रीफ सेन्सरशी बोलणारी फंक्शन.
 */

गंमत अशी आहे की सी मधलं फंक्शन कुठल्या क्लासचं नसतं, ते फाईलचं असतं. आणि डॉक्सिजनच्या लेखी फाईलच जर डॉक्युमेंट केलेली नसेल तर तिच्यातली ग्लोबल फंक्शन, व्हेरिएबल, टाइपडेफ, मॅक्रो यांना पान नाही, मग तू त्यांच्यावर दहा ओळी लिही नाहीतर शंभर. स्ट्रक्टला स्वतःचं पान असतं म्हणून ते दिसले. @फाईल च्या पुढे नाव लिहायची गरज नाही, कोरं सोडलं तर ज्या फाईलमध्ये आहे तीच धरतो, आणि तेच बरं, कारण नाव लिहिलं की उद्या फाईलचं नाव बदलल्यावर ते तसंच राहतं.

अजून दोन गोष्टी तपास. एक, कमेंट सुरू होताना स्लॅश आणि दोन तारे आहेत का. एकच तारा असेल तर ती साधी कमेंट, डॉक्सिजन तिच्याकडे बघणार पण नाही. (स्लॅश तारा उद्गारचिन्ह पण चालतं, तीन स्लॅश पण चालतात. सवयीचं असेल ते एकच धर, तिन्ही मिसळू नकोस.) दोन, ज्या फंक्शनला स्टॅटिक लावलंय (म्हणजे जे फक्त त्याच फाईलपुरतं आहे) ते एक्स्ट्रॅक्ट स्टॅटिक चालू केल्याशिवाय येत नाही. पण ते चालू करूच नकोस, दुसऱ्या टीमला तुमच्या आतल्या स्टॅटिक फंक्शनशी काय देणंघेणं.

आणि त्याच न्यायाने इनपुटमध्ये अख्खा सोर्स फोल्डर देऊच नकोस. पब्लिक हेडर (बाहेरच्यांनी वापरायच्या फंक्शनची नुसती घोषणा असलेल्या फाईली) ज्या फोल्डरमध्ये आहेत तेवढाच दे. चारशेची चाळीस पानं होतील. वापरणाऱ्यासाठी काय वचन दिलंय ते हेडरमध्ये लिहायचं, आत ते कसं पाळलंय ते सी फाईलमध्ये साध्या कमेंटने. दोन्हीकडे लिहिलंस आणि दोन्ही इनपुटमध्ये दिलंस तर टूल ब्रीफ हेडरमधलं घेतं आणि सविस्तर मजकूर सी फाईलमधला, आणि सहा महिन्यांनी दोन्ही वेगवेगळं बोलायला लागतात.

लाटेक नको असेल तर जनरेट लाटेक नो कर, डीफॉल्ट यस असतं म्हणून ते तयार होतंय.

अर्धविराम

दादा पाय कुठे आहेत तुमचे! @फाईल टाकल्याबरोबर अकरा फंक्शन आली त्या एका हेडरमधून. आता एक विचित्र दिसतंय, काही फंक्शनच्या आधी आमचा एक्स्पोर्टचा मॅक्रो आहे (विंडोजवर डीएलएलसाठी लागतो तो), तर पानावर तो मॅक्रो रिटर्न टाइपला चिकटून दिसतोय आणि एका ठिकाणी तर फंक्शनच्या जागी व्हेरिएबल झालंय.

जुना_सी_वाला

डॉक्सिजन काही खरा कंपायलर नाही, त्याला तुझा मॅक्रो म्हणजे कुठला तरी टाइप वाटतो. मॅक्रो एक्स्पान्शन यस, एक्स्पांड ओन्ली प्रीडेफ यस, आणि प्रीडिफाइन्डमध्ये तुझ्या मॅक्रोचं नाव लिहून पुढे बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणजे तो मॅक्रो दिसला की पुसून टाक असं त्याला सांगितल्यासारखं. मधला पर्याय विसरू नकोस नाहीतर तो फाईलमधले सगळेच मॅक्रो उलगडत बसेल आणि सगळी पानं ओळखू येणार नाहीत.

वॉर्निंग_मोजणारी

जुन्यांनी गायब होण्याचं सांगितलंच आहे, मी त्या एक्स्ट्रॅक्ट ऑल वर बोलते कारण तो पर्याय मला अक्षरशः शत्रूसारखा वाटतो. तो चालू केला की डॉक्सिजन असं धरून चालतं की सगळं डॉक्युमेंट केलेलंच आहे. पानं दिसायला लागतात हे खरं, पण त्याबरोबर "या फंक्शनवर काही लिहिलेलं नाही" ही वॉर्निंग पण बंद होते, आणि आता तर तुला कळणारच नाही की काय राहिलंय. आधी तो नो कर. राहिलेल्या फंक्शनवर वॉर्निंग येऊदेत, त्यावरूनच कळेल काय राहिलंय.

मग वॉर्न नो पॅरामडॉक यस कर. तो डीफॉल्ट बंद असतो. त्याने काय होतं, ज्या फंक्शनवर कमेंट आहे पण पॅरामीटरबद्दल किंवा रिटर्नबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ते सगळं पकडलं जातं. आणि वॉर्न इफ डॉक एरर आधीपासून चालू असतोच, तो माझ्या मते सगळ्यात कामाचा: कुणी कोडमध्ये पॅरामीटरचं नाव बदललं आणि कमेंटमध्ये जुनंच राहिलं तर तो सांगतो की बाबा असा पॅरामीटर या फंक्शनला नाहीच. वॉर्निंग एका फाईलमध्ये पाठवायच्या असतील तर वॉर्न लॉगफाईल आहे, टर्मिनलवर वाहून जात नाहीत.

आम्ही पहिल्यांदा हे सगळं चालू केलं तेव्हा स्क्रीन थांबेचना, सगळ्यांनी हात वर केले. मग असं ठरवलं की आजचा वॉर्निंगचा आकडा एका फाईलमध्ये लिहून ठेवायचा, आणि सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि तपासणी करणारी यंत्रणा) एवढंच तपासायचं की आकडा त्याच्यावर जात नाहीये. कमी झाला तर फाईलमधला आकडा पण कमी करायचा. म्हणजे जुनं कर्ज कुणी एका दिवसात फेडायचं नाही, पण नवीन कर्ज मिळणार नाही. शून्यावर आल्यावर वॉर्न अ‍ॅझ एरर लावला. त्यात यस आणि फेल ऑन वॉर्निंग्ज असे प्रकार आहेत, दुसरा घे. यस दिलं तर पहिल्या वॉर्निंगलाच थांबतो, मग एक दुरुस्त करा, परत चालवा, दुसरी बघा, डोक्याला ताप. दुसरा सगळ्या वॉर्निंग दाखवतो आणि शेवटी फेल होतो.

तयार झालेलं एचटीएमएल गिटमध्ये टाकू नका प्लीज. एक कमेंट बदलली की हजार ओळींचा डिफ, रिव्ह्यू करणारा बघतच नाही मग. सीआय बनवेल आणि कुठेतरी ठेवेल.

शंकासुर

सगळं ठीक आहे पण मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कमेंटमध्ये "बफर वाचतं" एवढंच असेल तर सुंदर फाँटमध्ये "बफर वाचतं" एवढंच दिसणार. वर वॉर्न नो पॅरामडॉक लावलात की लोक काय करतात ते मी बघितलंय:

/**
 * @ब्रीफ बफर वाचतं.
 * @पॅराम बफ बफर
 * @पॅराम लांबी लांबी
 * @रिटर्न रिटर्न व्हॅल्यू
 */

वॉर्निंग शून्य, सीआय हिरवं, सगळे खूश. वापरणाऱ्याच्या हातात भोपळा.

आणि खरा धोका याच्यापेक्षा मोठा आहे. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये टाइमआउट नावाचा पॅरामीटर होता, कमेंटमध्ये लिहिलेलं मिलिसेकंद. कुणीतरी कधीतरी आतलं बदलून सेकंद केलं, कमेंट तशीच. जोपर्यंत ती कमेंट कोडच्या वर होती तोपर्यंत वाचणारा खाली दोन ओळी बघून ओळखायचा की हे जुळत नाहीये. पण तीच कमेंट छापील पानासारखी होऊन, लोगो लागून, सर्चबॉक्स लागून दुसऱ्या माणसासमोर गेली, त्याच्याकडे कोड नव्हताच, त्याने पाच सेकंदांसाठी ५००० दिलं. ५००० सेकंद म्हणजे १ तास २३ मिनिटं. प्रोग्राम हँग झाला असं समजून त्याने दोन दिवस नेटवर्क तपासलं. एकही टूल याला वॉर्निंग देणार नाही, कारण पॅरामीटरचं नाव बरोबर होतं.

टूल कडक केलं म्हणून मजकूर खरा होत नाही. जावा ८ आलं २०१४ मध्ये, तेव्हा जावाडॉकमध्ये (जावाचं असंच टूल) कमेंट तपासणारा डॉकलिंट आला आणि अनेकांची बिल्ड नुसत्या कमेंटपायी फुटली. कशावरून, तर कमेंटमध्ये मोठं-लहानचं चिन्ह तसंच लिहिलंय, अँडचं चिन्ह सुटं आहे, पॅराग्राफचा टॅग चुकीचा बंद केलाय. लोकांनी काय केलं? बऱ्याच जणांनी डॉकलिंट बंद करायचा फ्लॅग शोधला आणि पुढे गेले.

वॉर्निंग_मोजणारी

@शंकासुर ते टाइमआउटचं पटलं, पण तो दोष कमेंटचा जेवढा तेवढाच नावाचा. पॅरामीटरचं नाव टाइमआउट_एमएस असतं तर आत सेकंद करणाऱ्याला नाव बदलावंच लागलं असतं, आणि नाव बदललं की माझी ती वॉर्न इफ डॉक एरर वाजली असती. जे नावात किंवा टाइपमध्ये बसतं ते कमेंटमध्ये ठेवायचंच कशाला. कमेंट उरलेल्यासाठी.

आणि ते "लांबी लांबी" वालं रिव्ह्यूमध्ये पकडायचं असतं, ते मशीनचं काम नाही. आम्ही रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न विचारतो, ही ओळ पुसली तर वाचणाऱ्याचं काही नुकसान होतं का? नाही होत तर पूस नाहीतर नीट लिही.

अर्धविराम

मग "नीट" म्हणजे नक्की काय ते कुणी दाखवेल का? हाच माझा दुसरा प्रश्न होता खरं तर. तुमच्या त्या "लांबी लांबी" मध्ये मला माझाच चेहरा दिसला.

जुना_सी_वाला

तुझंच रीड बफर घेऊ. मी काय लिहीन:

/**
 * @ब्रीफ सेन्सरकडून आलेले बाइट बफरमध्ये भरतं.
 *
 * @पॅराम[आउट] बफ     जागा बोलावणाऱ्याने द्यायची. आत मोकळी केली जात नाही.
 * @पॅराम[इन] क्षमता_बाइट  बफरची क्षमता. ० दिलं तर चूक धरली जाते.
 * @रिटर्न वाचलेले बाइट. अजून काही आलं नसेल तर ०. लाईन तुटली तर -१.
 *
 * @नोट आत लॉक घेतला जातो, इंटरप्टमधून बोलावू नये.
 */

बघ यात "कसं वाचतं" याचा एक शब्द नाही. मी लिहिताना असं समजतो की समोरच्याकडे फक्त हेडर आहे आणि रात्रीचे दोन वाजलेत. त्याला काय विचारावंसं वाटेल? ही मेमरी कोण मोकळी करणार. नल दिलं तर चालतं का. शून्य म्हणजे चूक की नुसतंच रिकामं. दोन थ्रेडमधून बोलावलं तर काय. एकक काय. ही उत्तरं कोड वाचून निघतात, पण अर्धा तास जातो, आणि काही तर निघतच नाहीत कारण आज कोड जे करतोय ते ठरवून करतोय की योगायोगाने, हे कोड सांगत नाही.

चौकोनी कंसातलं इन आणि आउट नक्की लिही, सी मध्ये पॉइंटर दिसला की त्यातून डेटा आत जातोय की बाहेर येतोय हे फंक्शनच्या सहीवरून (नाव, पॅरामीटर, रिटर्न टाइप) कळत नसतं.

पहिलं वाक्य मात्र जपून लिही. यादीत तेच दिसतं. डॉक्सिजनमध्ये @ब्रीफ लिहायचं नसेल तर जावाडॉक ऑटोब्रीफ चालू कर, मग पहिल्या पूर्णविरामापर्यंतचं तो आपोआप घेतो, जावाडॉक पूर्वीपासून तसंच करतं. यातला खड्डा असा की वाक्याच्या मध्ये "उदा." सारखं काही लिहून पुढे स्पेस दिलीस की तो तिथेच तोडतो आणि यादीत अर्धं वाक्य लटकतं.

इंडेंट_चुकला

पायथनचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण त्यात मी होरपळून निघालोय.

सी साठी डॉक्सिजन मजकूर वाचतं, फाईल चालवत नाही. पायथनमध्ये लोक स्फिंक्स वापरतात आणि त्याचं ऑटोडॉक हे एक्स्टेन्शन तुमचं मॉड्यूल चक्क इम्पोर्ट करतं आणि मग डॉकस्ट्रिंग उचलतं. इम्पोर्ट करतं म्हणजे मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर जे काही लिहिलंय ते चालतं! आमच्या एका मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट होतानाच सिरियल पोर्ट उघडून बोर्ड रीसेट करायची ओळ होती, कुणीतरी घाईत लिहिलेली. माझ्या टेबलावर बोर्ड जोडलेला होता, एक टेस्ट सकाळपासून त्यावर चालू होती, मी शेजारच्या टर्मिनलमध्ये नुसतं डॉक्युमेंटेशन बनवायला घेतलं आणि टेस्ट मेली. परत सुरू केली, परत डॉक्युमेंटेशन बनवलं, परत मेली. तिसऱ्यांदा मेली तेव्हा ट्यूब पेटली. कमेंटमधून पानं काढताना हार्डवेअर रीसेट होईल असं कुणाच्या डोक्यात येणार?

तुझ्या रॅपरमध्ये सीटाइप्सने (पायथनमधून सी बोलावायचं मॉड्यूल) डायनॅमिक लायब्ररी लोड होत असणार, आणि ती ओळ बहुतेक फाईलच्या वरच असणार. सीआयच्या मशीनवर ती लायब्ररी नसेल तर इम्पोर्ट फसेल, स्फिंक्स एक वॉर्निंग देऊन पुढे जाईल, आणि पान कोरं निघेल. बिल्ड पास पण पान कोरं, हा सगळ्यात बेकार प्रकार. स्फिंक्स बिल्डला मायनस डब्ल्यू दे (कॅपिटल डब्ल्यू), वॉर्निंगची एरर होते. आणि लायब्ररी लोड करणं एका फंक्शनमध्ये हलव, पहिल्यांदा लागेल तेव्हा लोड होऊदे. बाहेरची पॅकेज नसतील तर ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स मध्ये नावं लिहिता येतात, तो खोटी मॉड्यूल उभी करतो. पण तुझ्याच कोडमधली गडबड मॉकच्या पांघरुणाखाली घालू नकोस.

बाकी पायथनमध्ये एक सुख आहे. डॉकस्ट्रिंग ही कमेंट नाहीच, ती फंक्शनला चिकटलेली खरी स्ट्रिंग आहे, हेल्प म्हटलं की टर्मिनलमध्ये पण दिसते. त्यात उदाहरण लिहिलं, तीन मोठं-चिन्हं (>>>) आणि खाली उत्तर, तर डॉकटेस्ट ते चालवून बघतं की उत्तर खरंच तेच येतंय का. डॉकटेस्ट पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत २००१ पासून आहे आणि तरी माझ्या ओळखीतले निम्मे लोक वापरत नाहीत.

शंकासुर

हे डॉकटेस्टचं मला मान्य. खोटं बोलणारी कमेंट पकडायचा एकच मार्ग मला माहितीये, तिच्यातलं काहीतरी चालवून बघणं. रस्टवाल्यांनी हे बरोबर केलंय, तीन स्लॅशच्या कमेंटमध्ये कोडचा नमुना लिहिला की कार्गो टेस्ट तो कंपाइल करून चालवतं, वेगळं काही करावं लागत नाही. नमुना जुना झाला की टेस्ट फुटते. गो मध्ये एक्झाम्पल नावाने सुरू होणारं फंक्शन टेस्ट फाईलमध्ये लिहायचं, खाली आउटपुटची कमेंट, ती टेस्ट म्हणून पण चालते आणि पानावर उदाहरण म्हणून पण दिसते.

सी वाल्यांना मात्र असलं काही नाही.

जुना_सी_वाला

आहे की. @स्निपेट. उदाहरणाची एक खरी सी फाईल कर, मेन सकट, बाकीच्या कोडबरोबर बिल्डमध्ये घाल. तिच्यात हव्या त्या ओळींच्या वर आणि खाली कमेंटमध्ये चौकोनी कंसात एक खूण टाक, आणि हेडरच्या कमेंटमध्ये @स्निपेट लिहून त्या फाईलचं नाव आणि ती खूण. एक्झाम्पल पाथ मध्ये फोल्डर दे. डॉक्सिजन तेवढ्या ओळी उचलून पानावर लावतं. सही बदलली की उदाहरण कंपाइल होणार नाही, म्हणजे पानावर जुनं उदाहरण राहूच शकत नाही. रस्टएवढं सुटसुटीत नाही पण शून्य पण नाही.

तुझं ते ५००० वालं प्रकरण उदाहरणात पकडलं गेलं नसतं हे कबूल, कंपाइल झालंच असतं ते. पण ते उदाहरण टेस्टमध्ये चालवलं असतं तर टेस्ट १ तास २३ मिनिटं अडकलेली कुणीतरी बघितलीच असती.

जरा विषयांतर. कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाईलमध्ये हवं ही कल्पना डॉक्सिजनच्या (१९९७) किंवा जावाडॉकच्या बरीच आधीची आहे. डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये लिटरेट प्रोग्रामिंग मांडलं, त्यांच्या वेब नावाच्या सिस्टिममध्ये एकच फाईल लिहायची, टँगल चालवलं की कंपायलरला द्यायचं पास्कल निघायचं आणि वीव्ह चालवलं की छापायचा मजकूर. त्यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर त्यातच लिहिलेलं आहे. पण तिथे उलटं होतं, मजकूर मुख्य आणि कोड त्याच्यात विणलेला, माणसाला समजेल त्या क्रमाने. आपण क्रम कंपायलरचाच ठेवला आणि वर कमेंट चिकटवल्या. म्हणून आपल्या पानांवर एकेक फंक्शन सापडतं पण सुरुवात कुठून करायची हे कुठेच सापडत नाही.

अर्धविराम, त्यासाठी @मेनपेज आहे, ते विसरू नकोस. किंवा साधी मार्कडाउन फाईल दे, यूज एमडीफाईल अ‍ॅझ मेनपेज म्हणून पर्याय आहे. त्यात एक पानभर लिही: आधी काय बोलवायचं, मग काय, शेवटी काय बंद करायचं. कुठल्याही एका फंक्शनच्या कमेंटमध्ये हे मावत नाही.

शॉर्टकट

एवढं कशाला करता, एआयला फाईली द्या आणि म्हणा सगळ्या फंक्शनवर कमेंट लिही. दहा मिनिटात काम फत्ते, वॉर्निंग शून्य.

वॉर्निंग_मोजणारी

करून बघितलंय. वाक्यं छान असतात, पॅरामीटर सगळे भरलेले असतात, आणि ते जे सांगतं ते कोड आत्ता जे करतोय ते. म्हणजे कोडमध्ये चूक असेल तर चुकीचंच वचन छापून मिळतं. पहिला मसुदा म्हणून ठीक आहे, ज्याने फंक्शन लिहिलंय त्याने बसून प्रत्येक ओळ तपासली तर. पण मग दहा मिनिटं राहत नाहीत.

इंडेंट_चुकला

आणि अर्धविराम, सी ची पानं आणि पायथनची पानं वेगवेगळ्या साईटवर ठेवू नकोस, वाचणारा हरवतो. जनरेट एक्सएमएल यस कर, स्फिंक्समध्ये ब्रीद नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते डॉक्सिजनचं एक्सएमएल वाचून स्फिंक्सच्या पानात लावतं. सगळं एका सर्चमध्ये येतं. पहिल्यांदा बसवायला अर्धा दिवस जातो, पुढे त्रास नाही.

अर्धविराम

चार दिवसांनी परत येतोय, सगळ्यांचे आभार. मॅनेजरना सांगितलं की दोन दिवसात होणार नाही, त्यांनी उसासा सोडला आणि दोन आठवडे दिले.

कुठवर आलंय ते सांगतो. इनपुट फक्त पब्लिक हेडरचा फोल्डर, एक्स्ट्रॅक्ट ऑल बंद, @फाईल सगळीकडे. पानं आता ३८. वॉर्निंग २१२ वरून सुरुवात झाली, आज १४० वर आहे, आकडा फाईलमध्ये लिहून सीआयला लावलाय. हौस म्हणून कॉल ग्राफ (कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं त्याचं चित्र) चालू करून बघितला होता, ग्राफविझ इतकी चित्रं काढत बसला की चहा पिऊन आलो तरी चालूच, बंद केला. पायथनच्या रॅपरमध्ये लायब्ररी खरंच फाईलच्या वरच लोड होत होती, ती हलवली.

पण एक वेगळंच निघालंय. त्या "मेमरी कोण मोकळी करणार" प्रश्नाने. आमच्याकडे सेन्सरची माहिती मागायचं एक फंक्शन आहे, ते स्ट्रिंगचा पॉइंटर परत देतं. कमेंट लिहायला बसलो, "मोकळी करायची जबाबदारी" इथपर्यंत लिहिलं आणि पुढे काय लिहायचं सुचेना. ज्याने लिहिलंय त्याला विचारलं, तो म्हणाला बोलावणारा करतो. बोलावणाऱ्या कोडवाल्याला विचारलं, तो म्हणाला लायब्ररी करते. कोड बघितला. कुणीच करत नाही. दर वेळी थोडी मेमरी गळतेय, आणि बोर्ड दोन-तीन आठवड्यांनी एकदा आपोआप रीस्टार्ट होतो त्याचं कारण आम्ही पॉवर सप्लायवर ढकलत होतो इतके दिवस.

आता त्या फंक्शनवर नेमकं काय लिहू? डॉक्सिजनमध्ये @बग आणि @टूडू अशा कमांड आहेत असं दिसलं, त्यांची आपोआप वेगळी यादी पण बनते म्हणे. @टूडू लिहून ठेवू का सध्या?

जुना_सी_वाला

@टूडू नको लिहूस बाबा, फ्री लिही.